एका औषधाचा दावा

सन १९३१ च्या जून महिन्यांत उत्तर वेल्समधील एका शुश्रूषागृहांत लेडी मेहेरबाई टाटा यांचा अंत झाला. रोग रक्ताचा होता. पाश्चात्य वैद्यकांत त्याला ल्युकेमिया म्हणतात. पति सर दोराबजी टाटा यांच्यापाशीं संपत्तीची वाण नव्हती. युरोपांतील नामांकित वैद्य हाताशीं होते. तरीहि कांहीं उपयोग झाला नाहीं, कारण त्या रोगावर त्या वेळीं औषधच नव्हतें. पुढल्या वर्षीं सर दोराबजींनीं पत्नीच्या स्मरणार्थ याच रोगाच्या संशोधनासाठीं एक निधि स्थापन केला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तेहि निवर्तले. त्यांच्या नांवच्या विश्वस्त निधींतून परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उभें राहिलें. त्याचें उद्घाटन ता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं झालें.

एका घरच्या दुःखांतून निघालेल्या या रुग्णालयाच्या दाराशीं साठ वर्षांनीं जो प्रसंग उभा राहिला, तो मात्र निराळ्याच जातीचा होता. १९३१ मध्यें पैसा होता, पण औषध नव्हतें. २००३ मध्यें औषध निघालेलें होतें. पण तें एका परदेशी कंपनीच्या मक्त्याखालीं जाऊं लागलें होतें, आणि परळच्या फुटपाथवर सतरंजी टाकून तपासणीच्या तारखेची वाट पाहणाऱ्या माणसाला तें घेणें शक्य नव्हतें. हा मक्ता ज्यांनीं कायद्याच्या मार्गानें अडविला, त्यांत मुंबईंतील रोग्यांच्या एका साहाय्यक मंडळाचें नांव अग्रभागीं आहे. सात-आठ वर्षें चाललेल्या त्या दाव्याची हकीकत वैद्यकाच्या इतिहासांत मोडते, तशीच ती कायद्याच्या इतिहासांतहि मोडते. आणि दोहोंचा धागा एकत्र धरल्याशिवाय ती नीट उमगत नाहीं.

प्रथम रोगाविषयीं. रक्तांतील पांढऱ्या पेशी अनावर वाढतात, हें सन १८४५ मध्यें एडिंबरो येथें बेनेट यानें व बर्लिन येथें फिर्खो यानें जवळजवळ एकाच वेळीं नमूद केलें. रोगाला नांव दिलें तें फिर्खोनें. या रोगाचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील एक जुनाट प्रकार हाडांच्या मज्जेंत उद्भवतो, आणि तो मोठा फसवा असतो. कित्येक वर्षें रोगी हिंडतो-फिरतो. थोडा थकवा वाटतो, डाव्या कुशींत प्लीहा वाढल्यामुळें जडपणा येतो. आणि मग एका वेळीं रोग एकाएकीं भडकतो व कांहीं महिन्यांतच सारें आटोपतें. एकोणिसाव्या शतकांत यावर सोमल देत. पुढें क्ष-किरण आले, १९५३ च्या सुमारास बुसल्फान नांवाचें औषध आलें, आणि त्याच्याहि पुढें मज्जारोपणाची शस्त्रविद्या आली. पण मज्जारोपणाला जुळणारा दाता लागे, पैसा लागे, आणि त्यांत जीव जाण्याचें भयहि असे.

मार्ग सांपडला तो पेशींच्या अंतरंगांत डोकावल्यामुळें. सन १९६० मध्यें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं नोवेल व हंगरफर्ड या दोघां संशोधकांना या रोग्यांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमींपेक्षां खुजें दिसलें. १९७३ मध्यें शिकागोच्या जॅनेट राऊली या विदुषीनें दाखविलें कीं, हें गुणसूत्र नुसतें तुटलेलें नाहीं. नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची तेथें अदलाबदल झालेली आहे. या अदलाबदलींतून एक विकृत प्रथिन निर्माण होतें आणि तेंच पेशीला अखंड वाढण्याची आज्ञा देत राहतें. मग त्या प्रथिनाचें तोंड बंद करील असा रेणु शोधण्याचें काम स्वित्झर्लंडांतील बाझल येथील रसायनशास्त्रज्ञांनीं हातीं घेतलें; अमेरिकेंतील ब्रायन ड्रकर या डॉक्टरानें त्याचा पाठपुरावा केला. जून १९९८ मध्यें तें औषध प्रथम रोग्याला देण्यांत आलें, आणि ता. १० मे २००१ रोजीं अमेरिकन सरकारनें त्याला मान्यता दिली. औषधाचें शास्त्रीय नांव इमॅटिनिब. बाजारांतील नांव ग्लिव्हेक. सन २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पांच वर्षांच्या पाहणींत हें औषध प्रथमपासून घेणाऱ्या रोग्यांपैकीं सुमारें ८९ टक्के हयात होते. ज्या रोगाचें नांव ऐकतांच घरांत रडारड होई, तो मधुमेहासारखा रोज गोळी घेऊन संभाळण्याचा रोग झाला.

पण रोज गोळी म्हणजे जन्मभर गोळी, आणि येथेंच सर्व गणित अडतें. शस्त्रक्रियेचा खर्च एकदां होतो. दागिना मोडून, जमिनीचा तुकडा विकून, भाऊबंदांकडून उसनवार करून माणूस तो एकदां भागवितो. जुनाट दुखण्याचा खर्च मात्र महिन्याच्या भाड्यासारखा असतो. तो दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दाराशीं उभा राहतो, आणि एक हप्ता चुकला तर रोग दबा धरून बसलेलाच असतो. कंपनीच्या ग्लिव्हेकची किंमत भारतांत महिन्याला सुमारें १,२०,००० रुपये पडे. म्हणजे सालाचे चौदा लाख चाळीस हजार. त्या काळीं भारतीयाचें सरासरी वार्षिक उत्पन्न वीस हजार रुपयांच्या आसपास होतें. हेंच औषध देशी कारखानदार महिन्याला आठ ते दहा हजारांत देत होते. ही रक्कमहि सामान्य शेतकऱ्याला किंवा गिरणीकामगाराला झेपणारी नव्हती, हें विसरतां कामा नये. परंतु आठ हजार रुपये धर्मादाय निधींतून, वर्गणींतून, नातेवाइकांच्या मदतींतून उभे करतां येतात. सव्वा लाख दर महिन्याला कोणत्याहि वर्गणींतून उभे राहत नाहींत.

देशी कारखानदार हें औषध करूं शकत होते याचें कारण कायद्यांत आहे, आणि तो कायदा कांहीं आपोआप झालेला नव्हता. इंग्रजी अमदानींतील १९११ च्या कायद्याअन्वयें औषधाच्या मूळ द्रव्यावरच पेटंट घेतां येई. स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४८ मध्यें न्यायमूर्ति बक्षी टेकचंद यांची समिति नेमण्यांत आली, आणि पुढें न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांनीं १९५९ मध्यें आपला विस्तृत अहवाल सादर केला. त्यांच्या चौकशींत असें आढळलें कीं, या देशांतील बहुतेक पेटंटें परकीयांच्या हातीं असून, त्यांपैकीं बहुसंख्य पेटंटांचा उपयोग येथें माल तयार करण्याकडे होतच नव्हता. मक्ता येथें आणि कारखाना तिकडे, असा हा व्यवहार. त्याच सुमारास अमेरिकेच्या सेनेटर केफॉव्हर यांच्या समितीनेंहि नमूद केलें कीं, औषधांच्या किंमती ज्या देशांत सर्वांत अधिक आहेत त्यांत भारताची गणना होते. गरिबांच्या देशांत श्रीमंतांच्या देशापेक्षां औषध महाग!

या विचारमंथनांतून १९७० चा पेटंट कायदा निर्माण झाला, तो ता. २० एप्रिल १९७२ पासून अमलांत आला. औषधाच्या द्रव्यावर पेटंट देण्याचें त्यानें बंद केलें आणि केवळ तें तयार करण्याच्या रीतीवर, तेंहि फार तर सात वर्षें, पेटंट ठेवलें. साध्या शब्दांत सांगावयाचें तर, जिलबीवर कोणाचा हक्क नाहीं. जिलबी पाडण्याच्या एखाद्या विशिष्ट कृतीवर हक्क असूं शकतो. दुसऱ्या कृतीनें तीच जिलबी करण्यास आडकाठी नाहीं. भारतीय रसायनज्ञ दुसऱ्या कृती शोधण्यांत तरबेज झाले ते या कायद्यामुळें. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं १९३५ मध्यें मुंबईंत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीनें फेब्रुवारी २००१ मध्यें एड्सच्या तीन औषधांचा संच दर रोग्यामागें वर्षाला ३५० डॉलरला देऊं केला. तेव्हां पाश्चात्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरांच्या वर होता. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें दक्षिण आफ्रिकेंत औषधांच्या ३९ कंपन्यांनीं तेथील सरकारविरुद्ध गुदरलेली फिर्याद, रोग्यांच्या संघटनांनीं उठविलेल्या लोकमतापुढें मागें घेतली. मुंबईच्या कारखान्यांतील गोळ्या आणि केपटाउनच्या रस्त्यांवरील मोर्चे यांचें असें नातें जुळलेलें होतें.

मात्र १९९५ च्या १ जानेवारीपासून भारत जागतिक व्यापार संघटनेचा सभासद झालेला होता, आणि औषधाच्या द्रव्यावर पुन्हां पेटंट देण्याचें बंधन त्यानें पत्करलें होतें. त्यासाठीं २००५ पर्यंत मुदत होती. मधल्या काळांत येणारे अर्ज एका टपालपेटींत ठेवावे आणि पेटी २००५ मध्यें उघडावी, अशी योजना झाली. पेटींत अर्ज पडून असतांना अर्जदाराला पांच वर्षांपर्यंत विक्रीचा अनन्य हक्क मागण्याचीहि सवलत होती. इमॅटिनिबचें मूळ पेटंट झिमरमन या शास्त्रज्ञाच्या नांवानें १९९३ मध्यें परदेशांत मागण्यांत आलें होतें. तें १९९५ च्या पूर्वींचें असल्यामुळें भारतांत त्याला जागा नव्हती. बाझलच्या नोव्हार्टिस कंपनीनें म्हणून १९९८ मध्यें मद्रासच्या पेटंट कार्यालयांत निराळा अर्ज टाकला. त्यांत मूळ द्रव्यावर हक्क सांगितलेला नव्हता. त्या द्रव्याच्या एका क्षाराचें जें ‘बीटा’ नांवाचें स्फटिकरूप आहे, त्यावर हक्क सांगितलेला होता. साखर सर्वांच्या माहितीची झाल्यावर खडीसाखरेवर पेटंट मागावें, तसा कांहींसा हा प्रकार. उपमा ओढूनताणून नको. स्फटिकाचा आकार बदलल्यानें औषधाचे कांहीं गुण खरोखरच बदलतात. प्रश्न एवढाच होता कीं, जे गुण बदलले ते रोग्याच्या उपयोगी पडणारे होते काय?

या अर्जाच्या बळावर ता. १० नोव्हेंबर २००३ रोजीं कंपनीला विक्रीचा अनन्य हक्क मिळाला. लगोलग देशी कारखानदारांवर दावे झाले. मद्रासच्या उच्च न्यायालयानें मनाई हुकूम दिला. मुंबईच्या उच्च न्यायालयानें डिसेंबर २००४ मध्यें तो नाकारला, आणि नाकारतांना इतर कारणांबरोबर लोकहिताचा प्रश्नहि विचारांत घेतला. एकाच औषधाबद्दल एकाच देशांतील दोन न्यायालयांचे असे दोन कौल! कारखानदार व कंपनी यांच्या या झटापटींत रोगी कोठेंच पक्षकार नव्हता. कागदोपत्रीं तो अस्तित्वांतच नव्हता म्हणाना.

त्याला तेथें आणून उभें केलें तें कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेनें. वाय. के. साप्रू यांनीं मुंबईंत १९६९ मध्यें स्थापन केलेली ही संस्था मूळची सेवाभावी. ज्यांना औषध परवडत नाहीं त्यांना तें मिळवून देणें, रोगनिदानाचीं शिबिरें भरविणें, बऱ्या झालेल्यांना कामधंदा शिकविणें, असें तिचें नित्याचें कार्य. टाटा रुग्णालयांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागीं कांहींना निवारा मिळतो, कांहींना तोहि मिळत नाहीं. अशा लोकांना औषध पुरविणाऱ्या संस्थेला किंमतीचा अर्थ कोणा पंडितानें समजावून सांगण्याची गरज नव्हती. जितक्या पैशांत दहा-बारा रोग्यांना महिन्याची गोळी देतां येत होती, तितक्याच पैशांत आतां एका रोग्याची सोय होणार होती. आणि उरलेल्यांपैकीं कोणाला नकार द्यावयाचा हें संस्थेलाच ठरवावें लागणार होतें. म्हणून तिनें अनन्य हक्काविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली. दानधर्म करणारी संस्था न्यायालयाची पायरी सहसा चढत नाहीं, कारण ज्यांच्याकडून देणग्या यावयाच्या त्यांच्याशीं वैर पत्करण्याचा प्रसंग त्यांत असतो. तिनें तें पत्करलें. कायद्याचें काम ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ या वकिलांच्या संस्थेनें केलें. इंदिरा जयसिंग व आनंद ग्रोव्हर यांनीं ही संस्था १९८१ मध्यें स्थापन केली होती.

इतक्यांत टपालपेटी उघडण्याची वेळ आली. ता. २६ डिसेंबर २००४ रोजीं सरकारनें अध्यादेश काढला. त्या वेळचें आघाडी सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभें होतें. एड्सबाधितांच्या संघटना, वकील, डॉक्टर व देशी कारखानदार या सर्वांनीं आपापल्या परीनें संसदेवर दडपण आणलें. मार्च २००५ मध्यें जो कायदा मंजूर झाला, त्यांत यामुळें दोन गोष्टी आल्या. पहिली, कलम ३ चें पोटकलम ‘ड’: ज्ञात द्रव्याचें नुसतें नवें रूप शोधणें हा शोध नव्हे, त्या रूपानें ज्ञात गुणकारितेंत वाढ होत असेल तरच त्याचा विचार व्हावा. दुसरी, पेटंट देण्यापूर्वीं त्यावर हरकत घेण्याचा हक्क. तो अध्यादेशांत आकुंचित झाला होता, त्याला पुन्हां विस्तार मिळाला. हा हक्क ‘कोणाहि व्यक्तीला’ आहे. या दोन शब्दांचें महत्त्व फार. प्रतिस्पर्धी कारखानदारानें हरकत घ्यावी हें नेहमींचेंच. पण येथें रोगी, रोग्याचा भाऊ, गांवचें मंडळ, कोणीहि कैफियत देऊं शकतो. तो स्वतः औषध करतो कीं नाहीं, हें त्याला कोणी विचारीत नाहीं.

या दोन शब्दांचा उपयोग करून असोसिएशननें मद्रासच्या कार्यालयांत हरकत दाखल केली. नॅटको, सिप्ला, रॅनबक्सी व हेटेरो या कंपन्यांच्या हरकतीहि होत्या. ता. २५ जानेवारी २००६ रोजीं साहाय्यक नियंत्रकांनीं कंपनीचा अर्ज फेटाळला. झिमरमनच्या पेटंटांत हें द्रव्य पूर्वींच उघड झालें आहे, व नव्या रूपानें गुणकारिता वाढल्याचें सिद्ध झालेलें नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष होता. अर्जाबरोबर अनन्य हक्कहि संपला आणि देशी गोळ्या पुन्हां मोकळेपणानें विकल्या जाऊं लागल्या.

कंपनी स्वस्थ बसली नाहीं. तिनें मद्रास उच्च न्यायालयांत निर्णयाला आव्हान दिलेंच. शिवाय ३(ड) हें कलमच घटनाविरुद्ध आहे, संदिग्ध आहे व जागतिक कराराशीं विसंगत आहे, असा दावा केला. येथें प्रकरणाचें स्वरूप पालटलें. एका औषधाचा अर्ज गेला असता तर एका रोगाच्या रोग्यांचें नुकसान होतें. कलमच गेलें असतें तर मधुमेह, क्षय, एड्स, हृद्रोग, अशा दीर्घकाळ औषध घ्यावें लागणाऱ्या सर्वच रोग्यांना त्याची झळ लागली असती. एरवीं एकमेकांचें नांवहि न ऐकलेले लोक म्हणून एकत्र आले. एड्सबाधितांनीं रक्तकर्काच्या रोग्यांसाठीं दिल्लींत व अन्यत्र निदर्शनें केलीं. ‘सीमारहित डॉक्टर’ या आंतरराष्ट्रीय संस्थेनें दावा मागें घेण्याची मागणी करणाऱ्या पत्रकावर चार लाखांहून अधिक सह्या मिळविल्या. त्यांत आर्चबिशप डेस्मंड टूटू होते, आणि स्वित्झर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्षा रूथ ड्रायफुस याहि होत्या. कंपनीच्या मायदेशींच्या राष्ट्राध्यक्षपदीं बसलेल्या बाईंनीं मुंबईच्या रोग्यांची बाजू घ्यावी, हें विशेष.

ता. ६ ऑगस्ट २००७ रोजीं न्यायमूर्ति आर. बालसुब्रमण्यन व न्यायमूर्ति प्रभा श्रीदेवन यांनीं कंपनीचें म्हणणें अमान्य केलें. कराराशीं कायदा सुसंगत आहे कीं नाहीं हें पाहण्याची जागा निराळी आहे, आणि कलमांत घटनाविरुद्ध कांहीं नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. अर्जाचा प्रश्न अपील मंडळाकडे गेला. या मंडळाचे तांत्रिक सभासद पूर्वीं पेटंट खात्याचे प्रमुख होते व त्याच प्रकरणांत त्यांनीं प्रतिज्ञापत्र दिलेलें होतें. त्यामुळें त्यांच्या बसण्याला हरकत निघाली आणि बराच काळ त्यांतच गेला. ता. २६ जून २००९ रोजीं मंडळानें निर्णय दिला: औषध नवें आहे, शोधहि आहे, पण ३(ड) ची कसोटी तें उतरत नाहीं. मग कंपनी सर्वोच्च न्यायालयांत गेली.

तेथील सुनावणी २०१२ च्या सप्टेंबरांत सुरू होऊन डिसेंबरांत संपली. कंपनीतर्फे गोपाल सुब्रमण्यम व टी. आर. अंध्यारुजिना हे नामवंत विधिज्ञ उभे होते. असोसिएशनतर्फे आनंद ग्रोव्हर. न्यायपीठावर न्यायमूर्ति आफताब आलम व न्यायमूर्ति रंजना प्रकाश देसाई होत्या. देसाई या पूर्वीं मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश होत्या. एक नवागत पक्षकारहि होता: शामनाद बशीर नांवाचे कायद्याचे प्राध्यापक, जे कोणत्याहि बाजूचे वकीलपत्र न घेतां केवळ कायद्याचा अर्थ विशद करण्यासाठीं आले होते.

दाव्याचें मर्म ‘गुणकारिता’ या एका शब्दांत होतें. कंपनीचें म्हणणें असें कीं, बीटा स्फटिक अधिक टिकाऊ आहे, हवेंतील ओल कमी शोषतो, यंत्रांत अधिक सुलभतेनें वाहतो, आणि मूळ द्रव्यापेक्षां शरीरांत सुमारें ३० टक्के अधिक शोषला जातो. विरोधकांनीं उत्तर दिलें: पहिल्या तीन गुणांचा लाभ कारखानदाराला आहे. चौथ्यानें रोग्याला अधिक लाभ होतो, हें तुम्ही दाखविलेलेंच नाहीं. ता. १ एप्रिल २०१३ च्या निकालांत न्यायालयानें हाच अर्थ स्वीकारला. औषधाच्या बाबतींत गुणकारिता म्हणजे रोगनिवारणाची शक्ति, दुसरें कांहीं नव्हे; आणि अधिक शोषणामुळें रोगनिवारण अधिक झालें, याचा पुरावा पुढें आलेला नाहीं.

निकालपत्रांतील दुसरा एक भाग अधिक वाचनीय आहे. मूळ झिमरमन पेटंटांत हा क्षार येत नाहीं, असें कंपनी भारतांत म्हणत होती. न्यायालयानें तिचेच परदेशांतील कागद काढले. अमेरिकेंत ग्लिव्हेकसाठीं मूळ पेटंटाचीच मुदत वाढवून घेतलेली होती; इंग्लंडांत नॅटकोची गोळी विकूं नये म्हणून जी नोटीस दिली होती, तिलाहि आधार त्याच पेटंटाचा होता. एका देशांत ज्या कागदाच्या जोरावर दुसऱ्याला अडवावयाचें, त्याच कागदांत तें द्रव्य नाहीं असें दुसऱ्या देशांत म्हणावयाचें, हें न्यायालयानें चालूं दिलें नाहीं.

कंपनीची बाजूहि सांगितली पाहिजे. औषध खरें होतें आणि शोध मोठा होता, याविषयीं कोणाचेंच दुमत नव्हतें. बीटा स्फटिकाला सुमारें चाळीस देशांत पेटंट मिळालें होतें. कंपनी गरीब रोग्यांना औषध मोफत देत होती. तिच्या सांगण्याप्रमाणें भारतांत असे सुमारें १६,००० रोगी होते, व ही मदत निकालानंतरहि चालू राहील असें तिनें जाहीर केलें. ही मदत खोटी नव्हती. परंतु दान हें देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतें, आणि त्याच्या यादींत नांव येण्यासाठीं दाता ठरवील त्या अटी पाळाव्या लागतात. ज्याचें आयुष्य पुढल्या महिन्याच्या गोळीवर टांगलेलें आहे, त्याला कोणाच्या तरी मर्जीवर विसंबण्यापेक्षां बाजारांत रास्त भावाची दुसरी गोळी असणें अधिक आश्वासक वाटलें, तर तो त्याचा कृतघ्नपणा म्हणतां येणार नाहीं.

या दाव्यानें पुष्कळांना वाट दाखविली. निकाल लागण्याच्या कितीतरी पूर्वींच, मार्च २००६ मध्यें, एड्सबाधितांच्या संघटनांनीं ‘काँबिव्हिर’ या जोडगोळीच्या अर्जावर हरकत घेतली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें ग्लॅक्सो कंपनीनें तो अर्ज मागें घेतला. ता. ९ मार्च २०१२ रोजीं मुंबईंत पेटंट नियंत्रकांनीं यकृत व मूत्रपिंड यांच्या कर्करोगावरील एका औषधासाठीं देशांतील पहिला सक्तीचा परवाना दिला; महिन्याचा २,८०,४२८ रुपयांचा खर्च त्यामुळें ८,८८० रुपयांवर आला, आणि मुंबई उच्च न्यायालयानें १५ जुलै २०१४ रोजीं तो परवाना कायम केला. इमॅटिनिबचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ मध्यें आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादींत केला.

क्षयरोग्यांची हकीकत सर्वांत अलीकडची. नेहमींच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन हें तोंडानें घेण्याचें औषध निघालें. त्यापूर्वीं जीं टोंचण्याचीं औषधें द्यावीं लागत, त्यांनीं कित्येकांची श्रवणशक्ति जाई. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी क्षयांतून उठल्या, पण उपचारांत दोघींचे कान गेले. २०१९ मध्यें या दोघींनीं त्या औषधाच्या एका क्षारावरील अर्जास मुंबईच्या कार्यालयांत हरकत घेतली. पेटंट मिळालें असतें तर मूळ पेटंट २०२३ मध्यें संपल्यावरहि मक्ता आणखी चार वर्षें चालला असता. ता. २३ मार्च २०२३ रोजीं अर्ज नामंजूर झाला. दोघीहि ना कारखानदार, ना वकील; कायद्यांतील ‘कोणीहि व्यक्ति’ या शब्दांखेरीज त्यांना त्या कार्यालयांत उभें राहण्याचा दुसरा आधार नव्हता.

त्या आधाराची मांडणी त्यानंतर कांहींशी बदलली आहे. ज्या अपील मंडळापुढें ग्लिव्हेकचा दावा चालला, तें २०२१ मध्यें रद्द झालें व त्याचें काम उच्च न्यायालयांकडे आलें. मार्च २०२४ मध्यें पेटंटचे नियम दुरुस्त झाले. पूर्वीं पेटंटपूर्व हरकत दाखल करण्यास शुल्क पडत नसे. नव्या नियमांनीं तें पडूं लागलें, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे कीं नाहीं, हें अर्जदाराला कळविण्यापूर्वीं नियंत्रकानें ठरवावें असें झालें. रोग्यांच्या संघटनांनीं या दुरुस्तीला विरोध नोंदविला होता.